नासपतीचा बहर आणि ताईचा फोटो

फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत ती बसायची, त्यामुळे गिऱ्हाइकांना ती फारशी दिसायची नाही. तिला मात्र अर्ध्याअधिक शहराचे चेहरे पाठ होते. पुढच्या खोलीत दिवे, पडदा, गोल फिरणारं स्टूल आणि मालक. मधे एक जाड पडदा. पडद्यामागे ती. सुरुवातीची वर्षं तिने बारीक ब्रशने, श्वास रोखून फोटोंवरचे डाग भरले. पुढे संगणक आला आणि ब्रशच्या जागी माउस आला, पण काम तेच राहिलं. मुरुम पुसायचे, डोळ्यांखालची काळी वर्तुळं उजळायची, गळ्याच्या वळ्या कमी करायच्या, नवरदेवाच्या कॉलरवरचा डाग काढायचा. मालकाने तिला 'खोडरबर' असं नावच ठेवलं होतं आणि ते तिला चिकटलं होतं.

एकदा एका बाईंनी घरच्या मंडळींचा मोठा फोटो आणला आणि जाऊबाईंवर बोट ठेवून म्हणाल्या, "हिला काढून टाका."

खोडरबरने जाऊबाईंना काढलं आणि तिथे एक छान कुंडी ठेवली. वर्षभरात दोघींचं पुन्हा गूळपीठ जमलं, तेव्हा त्याच बाई फोटो घेऊन परत आल्या. या वेळी कुंडी काढून जाऊबाईंना जागेवर आणावं लागलं. मालक ही गोष्ट येईल त्याला सांगायचा आणि स्वतःच आधी हसायचा.

घरी तिला 'धाकटी' म्हणत. घर म्हणजे तरी काय, एकटी ताई. आई लवकर गेली, तेव्हा ताईनेच तिची वेणी घातली, तिचे पाढे घेतले, तिला शाळेत सोडलं आणि आणलं. पुढे ताईचं लग्न झालं. भावोजींची शहराबाहेर फळबाग होती, नासपतीची आणि थोडी पीचची. ताई तिकडे गेली. धाकटीचं लग्न झालं नाही, आणि का झालं नाही हे विचारणारेही कधीच थकून गप्प बसले. ती इस्त्रीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायची. पन्नाशी उलटली, केस पिकले, तरी ताईचा फोन आला की पलीकडून "काय गं धाकटे, जेवलीस का?" हे ठरलेलं.

मागच्या हिवाळ्यात ताई गेली.

त्याआधी बरेच महिने धाकटीने तिला पाहिलंच नव्हतं. रविवारी येते म्हटलं की ताई म्हणायची, "आत्ता नको, घरात रंगकाम काढलंय." पुढच्या वेळी म्हणायची, "पाहुणे आहेत गं, तुझ्याशी दोन शब्द बोलता यायचे नाहीत." भावोजींच्या पुतणीचं लग्न झालं, त्यालाही धाकटीला जाता आलं नाही. लग्नांचा हंगाम, मागच्या खोलीत कामाचा ढीग. त्या लग्नाचे फोटो मालकानेच काढले होते. ते तिच्याकडेच आले आणि तिने नेहमीसारखा अल्बम करून दिला.

मग एका सकाळी भावोजींचा फोन आला. "दवाखान्यात ये."

ताई औषधाच्या गुंगीत होती. एकदाच डोळे उघडून तिने "आलीस?" एवढं विचारलं आणि पुन्हा मिटले. दुपारी सगळं संपलं. बाहेर जिन्यापाशी डॉक्टर सहज बोलून गेले की यकृताचं दुखणं होतं, उन्हाळ्यापासूनच हाताबाहेर गेलेलं. धाकटीने भावोजींकडे वळून विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि ताईला?"

"तिलाही."

त्यानंतर ती भावोजींशी बोलली नाही. भांडली नाही, आदळआपट केली नाही. बोलायचं थांबली, इतकंच.

दुसऱ्या दिवशी ती कामावर आली. भिंतीवर लावायला ताईचा फोटो हवा होता, तो दुसरं कोण करणार? पुतणीच्या लग्नाच्या त्या अल्बममधल्या एका फोटोतून तिने ताईचा चेहरा उचलला, मागची माणसं पुसली, साडीची चुणी सरळ केली, कडा मऊ केल्या. मालक दारात उभा राहून नाक शिंकरत होता. तिने मान वर करून विचारलं, "फ्रेम काळी घ्यायची की चॉकलेटी?"

लोक काय ते बोललेच. आईच्या जागी असलेली बहीण गेली आणि हिच्या डोळ्यांत टिपूस नाही, दगड आहे दगड. हे तिच्याही कानावर आलं. तिला वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर तिला काहीच वाटत नव्हतं. दात काढायच्या आधी सुई दिली की गाल आपला राहत नाही, बोट लावलं तर दुसऱ्याच कुणाच्या गालाला लावल्यासारखं वाटतं, तसं तिचं सगळं अंग झालं होतं. ती उठायची, पाणी तापवायची, केस विंचरायची, वेळेवर कामावर जायची. इस्त्रीवाला म्हणायचा, "थंडी कमी झाली नाही का?" ती म्हणायची, "हो ना." थंडी कमी झाली की वाढली, तिला पत्ता नसायचा.

झाडांना बहर यायच्या सुमारास मालक शिडीवरून पडला. एका शाळेचा समूह फोटो काढताना मागच्या ओळीतली मुलं दिसेनात म्हणून एक पायरी वर चढला, मग आणखी एक, आणि मग थेट खाली आला. पाय प्लास्टरमध्ये गेला. नेमकं त्याच वेळी खतांच्या एका कंपनीचं काम हाती आलं होतं. पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरसाठी बहराचे फोटो हवे होते, आणि बहर काही मालकाचा पाय बरा होईपर्यंत थांबणार नव्हता.

"खोडरबर, तुम्हीच जा," मालक खुर्चीवर पाय लांब करून म्हणाला.

"मला फोटो काढता येत नाहीत. लोकांनी काढलेले पुसता येतात."

"मग काढा आणि पुसा. अहो, फुलांना काय, हसा म्हणून सांगावं लागत नाही की डोळे मिटू नका म्हणून. ऊन आपल्या पाठीशी ठेवायचं आणि बटण दाबायचं. बाग तर तुमच्या घरचीच आहे."

घरची बाग. तिने कॅमेऱ्याची पिशवी खांद्याला लावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसने निघाली.

भावोजी फाटकापाशी पाण्याचा पाइप गुंडाळत होते. दाढी वाढली होती, स्वेटरचं बटण भलत्याच काजात गेलं होतं. तिला बघून ते जरा गडबडले.

"फुलांचे फोटो काढायचेत," ती म्हणाली. "कामाचं आहे."

"काढ की," ते म्हणाले आणि फाटक उघडून बाजूला झाले.

बाग पांढरी झाली होती. नासपतीच्या फांद्यांवर फुलांचे झुबके, पान अजून नावाला. आदल्या वर्षी ती इथे आली असती तर ताईने तिला हाताला धरून झाडाझाडापाशी नेलं असतं. आज तिने मालकाने सांगितल्याप्रमाणे ऊन पाठीशी घेतलं आणि एकेक झाड टिपलं. स्टुडिओत येऊन फोटो उघडले तर फुलं नुसती पांढरी, सपाट, भिंतीला चुना लावावा तशी. मालकाने मान वाकडी करून पाहिली. "हे तर मंगल कार्यालयातल्या प्लास्टिकच्या फुलांसारखं आलंय."

"तुम्हीच सांगितलं होतंत, ऊन पाठीशी."

"पाय मोडलेल्या माणसाचं ऐकावं का?"

ती पुन्हा गेली. त्या दिवशी भावोजींनी झाडांना पाणी सोडलं होतं आणि नेहमीच्या वाटेवर चिखल होता, म्हणून ती रांगेच्या पलीकडून, अवजारांच्या खोलीच्या बाजूने गेली. सूर्य नुकताच कुंपणावर आला होता आणि थेट तिच्या तोंडावर होता. तिने डोळ्यांवर हात धरला आणि समोरच्या फांदीकडे पाहिलं. मागून ऊन आल्यामुळे प्रत्येक पाकळी आतून पेटल्यासारखी दिसत होती. पाकळीतल्या बारीक शिरा दिसत होत्या, देठांवरची लव चमकत होती, मधले तांबूस ठिपके गडद झाले होते. एका पाकळीला किडीने पाडलेलं भोक होतं, त्यातूनही उजेड येत होता. सुंदर आहे, हे तिला कळलं. दुकानात एखादं कापड चांगलं आहे हे कळावं तसं. कळलं, पण आत काही हललं नाही. तिने कॅमेरा लावला.

चित्र धुरकट आलं. ऊन सरळ कॅमेऱ्याच्या काचेत शिरत होतं. तिने डाव्या हाताने काचेवर सावली धरून पाहिली, तर एका हातात कॅमेरा हलायला लागला. भावोजी दुरून बघत होते. ते आले आणि न विचारता डोक्यावरची टोपी काढून काचेच्या वर धरली.

"जरा वर," ती म्हणाली. "टोपी दिसतेय."

त्यांनी वर धरली.

आता फुलं काळवंडून येऊ लागली. उजेड समोर असला की कॅमेराही माणसासारखा डोळे बारीक करतो. तिने उजेडाचं चक्र फिरवून फोटो मुद्दाम उजळ घेतला, तर मागचं आभाळच पांढरंफटक झालं. फुलं त्यात विरघळून गेली.

"मागे काहीतरी काळं पाहिजे," ती स्वतःशीच बोलली.

भावोजी टोपी तिच्या हातात देऊन गेले आणि अवजारांच्या खोलीचं दार त्यांनी सताड उघडलं. आतला अंधार दारातून बरोबर फुलांच्या मागे आला. काळ्यावर पांढरी, उजळलेली फांदी. तिने बटण दाबलं. वारा आला, फांदी हलली, ती थांबली. वारा पडला, तिने पुन्हा दाबलं. भावोजी परत येऊन टोपी धरून उभे होते, हात भरून आला तरी खाली घेत नव्हते.

असे बरेच दिवस गेले. सकाळी ऊन खाली असेपर्यंतच काम व्हायचं, मग ती कामावर जायची. दोघांत बोलणं म्हणजे "वर", "खाली", "जरा थांबा" एवढंच. एका सकाळी ढग आले आणि ऊन यायची वाट बघत दोघं खोलीच्या पायरीवर बसले. भावोजींनी चहा आणला.

"तुझा राग आहे, मला माहितीये," ते म्हणाले.

"राग नाहीये."

"मग?"

तिने विचार केला. "काहीच नाहीये."

भावोजींनी कप पायरीवर ठेवला. मग म्हणाले, "तिला सांगायचं होतं तुला. रोज म्हणायची, पुढच्या रविवारी बोलावू. तू कामं टाकून येशील, तिच्या तोंडाकडे बघत बसशील, हे तिला नको होतं. मी म्हटलं, अगं, ती बहीण आहे तुझी. तर म्हणाली, म्हणूनच."

धाकटीने चहाचा घोट घेतला.

"लग्नाचा अल्बम आला ना," ते पुढे म्हणाले, "तेव्हा ती आधी घाबरली होती. म्हणत होती, धाकटीने माझा चेहरा पाहिला असणार, आता तिला सगळं कळलं असेल, आता फोन येईल. फोन काही आला नाही. मग तिने अल्बम उघडला, आपलंच पान काढलं आणि हसायला लागली. कितीतरी दिवसांनी इतकी हसली. मला म्हणाली, अहो, हे बघा, धाकटीने मला बरं करून टाकलं."

ढग सरकला. बागेत ऊन उतरलं. दोघांपैकी कुणी उठलं नाही.

"आणि राग मानू नकोस," भावोजी हळूच म्हणाले, "तू करून दिलेला फोटो मी भिंतीवरून उतरवून ठेवलाय. चांगला आहे, सगळे म्हणतात. पण ती बाई माझ्या घरात राहत नव्हती."

"बरं," ती म्हणाली. कप धुऊन पालथा घातला, कॅमेरा उचलला. "ऊन आलंय. टोपी धरता ना?"

त्यांनी टोपी धरली.

बहर सरत आल्यावर ती फोटो निवडायला बसली. कामाला तिने रीतसर सुरुवात केली. दाराच्या अंधारात एक दोरी आणि रंगाचा डबा दिसत होता, तो काळ्यात बुडवला. काचेवरच्या धुळीचे ठिपके टिपून काढले. कडेला उजेडाचा पांढरा फराटा आला होता, तो हलक्या हाताने उतरवला. सावलीतल्या पाकळ्या थोड्या वर आणल्या, पण इतक्याच की मागून आलेला उजेड मागूनच वाटावा. भोक पडलेली पाकळी मालकाने भरायला सांगितली, कंपनीच्या साहेबांना किडीची फुलं चालणार नव्हती. तिने भरली.

राहता राहिला रंग. सकाळच्या उन्हाने पांढऱ्या पाकळ्यांवर पिवळी झाक आली होती. नासपती पांढरी दिसायला हवी. तिने पाकळीवर खूण केली आणि पिवळा रंग कमी करायला लागली. पाकळी हळूहळू पांढरी होत गेली.

तिचा हात थांबला.

हेच तिने आधीही केलं होतं. अल्बम करताना, ताईच्या डोळ्यांच्या पांढऱ्यावर. मंडपातल्या दिव्यांमुळे पिवळं आलंय असं समजून.

तिने जुनी फाईल शोधली आणि मूळ फोटो उघडला. ताई खुर्चीत बसली होती, मांडीवर कुणाचं तरी बाळ. तिने ताईचा चेहरा मोठा केला. डोळे पिवळे होते. शेजारी बसलेल्या बाईचे नव्हते, त्याच दिव्याखाली, त्याच खुर्च्यांत. गाल आत गेलेले. डोळ्यांखाली काळं. ब्लाऊजचा खांदा सैल होऊन उतरलेला. तोही तिने वर ओढून नीट बसवला होता, तिला आता आठवलं. ताई थेट कॅमेऱ्याकडे बघत होती. तशी ती कॅमेऱ्याकडे कधी बघायची नाही, फोटो काढताना कायम दुसरीकडे बघून काहीतरी बोलत असायची.

धाकटी बघत राहिली. आता रडू येईल असं तिला वाटलं आणि तिने वाट पाहिली. रडू आलं नाही. बोटं मात्र इतकी थंड पडली की ती काखेत धरून बसावं लागलं.

मालक कुबडी टेकत आत आला. संगणकाच्या पडद्यावर कोण आहे ते त्याने पाहिलं.

"मालक," ती म्हणाली, "लग्नात ताई तुम्हाला कशी वाटली होती?"

"खरं सांगू? थकलेली. मी म्हटलंही, ताई, जरा हसा. तर म्हणाल्या, तुम्ही काढा हो, बाकीचं धाकटी बघून घेईल."

मग मालक हलक्या पावलांनी, म्हणजे कुबडीने जितकं हलकं जमतं तितक्या, बाहेर गेला.

तिने नवा फोटो करायला घेतला. या वेळी करण्यासारखं थोडंच होतं. मागची माणसं तेवढी पुसली. चेहऱ्याला हात लावला नाही. सवयीने माउस दोनदा डोळ्यांखाली गेला, दोनदा तिने तो परत आणला.

फुलांचे फोटो कंपनीला गेले. साहेब खूश झाले, फुलांत दिवे लावलेत की काय म्हणाले. मालकाने ते वाक्य गिऱ्हाइकांना ऐकवायला सुरुवात केली आणि जाऊबाईंची गोष्ट काही दिवस मागे पडली. तिने ऐकलं, मान हलवली आणि पुढचं काम ओढलं.

रविवारी ती बसने बागेत गेली. पाकळ्या गळून गेल्या होत्या, फांद्यांना कोवळी पानं आणि वाटाण्याएवढी हिरवी फळं धरली होती. भावोजींनी फोटो हातात घेतला आणि खिडकीपाशी नेला.

"हं," ते म्हणाले. "ही खरी."

भिंतीवर खिळा होताच. त्यांनी फोटो टांगला, थोडा वाकडा. तिने सरळ केला. मग दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसले. तिथे तिसरी खुर्ची होती, तिच्यावर वर्तमानपत्रांची चळत ठेवलेली.

"भावोजी," ती म्हणाली, "मला पहिल्यापासून सांगा."

"काय?"

"ताईचं. कधी सुरू झालं, काय दुखायचं, काय खाववायचं नाही, रात्री झोप लागायची का. डॉक्टर काय म्हणाले, ती काय म्हणाली. सगळं. मला काहीच माहीत नाही."

"आत्ता?"

"शेवटची बस संध्याकाळी आहे."

भावोजींनी खुर्ची जवळ ओढली, टेबलावर दोन्ही हात ठेवले आणि कुठून सुरुवात करावी याचा विचार केला.

"पीच उतरवत होतो आम्ही," ते म्हणाले. "ती शिडीवर होती. मला म्हणाली, अहो, जरा धरा, मला गरगरतंय. मी म्हटलं, ऊन लागलं असेल."

धाकटी पुढे सरकून ऐकू लागली.